नववीच्या पोरांकडून मोबाईलवर फिल्म करून घ्यायचीय, एडिटिंगला कुठलं ॲप धरू?

खडूफळा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर नववीला एक काम दिलंय. गावातला एक धंदा नाहीतर एक जागा निवडायची आणि तिच्यावर तीन मिनिटांची फिल्म करायची. पोरं ३८, गट सहा. विषय त्यांचे त्यांनीच काढलेत: गुऱ्हाळ, तालीम, चप्पल शिवणारे एक आजोबा, दूध संकलन केंद्र, वापरात नसलेला जुना आड आणि २०१९ च्या महापुराच्या खुणा. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे, तेव्हा पडद्यावर दाखवायचा विचार आहे.

फोन पोरांचे नाहीत, आईबापांचे आहेत. नऊ पालक शनिवार-रविवार फोन द्यायला तयार झालेत. सगळे अँड्रॉइड, रॅम ३-४ जीबी, एक तर २ जीबीचा. स्टोरेज ३२ जीबी, त्यातलं निम्मं 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी भरलेलं. शाळेचं वायफाय मुख्याध्यापकांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येतं, पुढं नाही.

तीन ॲप स्वतः उतरवून बघितली. एकानं व्हिडिओच्या कोपऱ्यात आपलं नाव छापलं. दुसऱ्यात प्रत्येक बटणाला एक जाहिरात, तीही पत्त्यांच्या जुगाराची. पोरांपुढं कशी उघडायची? तिसरं बरं वाटलं, पण त्यात 'गुऱ्हाळ' लिहिलं आणि पडद्यावर आलं 'गुर्', मग थोडी जागा, मग 'हाळ'. अक्षरं नाचत येणारी नक्षी लावली तर वेलांटी आधी आली आणि अक्षर मागनं. पोरं हसून लोळली.

कुणी वर्गात असं काही करून घेतलंय का? फुकट पाहिजे, नाव छापलेलं नको आणि मराठी धड उमटलं पाहिजे.

कॅमेरा_भावा | सोमवार, रात्री १०:०५

सर, डोळं झाकून काइनमास्टर. लेयरवर लेयर लावता येतात, हिरवा पडदा मागं लावून बॅकग्राउंड बदलता येतं. आमच्याकडं नवीन पोरगं कामाला आलं की आधी त्याच्यावरच हात बसवतो. नाद करायचा नाय.

(लक्ष्मीपुरीत लग्नाच्या शूटिंगचं काम आहे, म्हणून सांगतोय.)

खडूफळा | सोमवार, रात्री १०:२०

भावा, पण फुकटच्या आवृत्तीत त्याचं नाव छापून येतं ना? आणि तीन मिनिटांच्या गुऱ्हाळात हिरवा पडदा कुठं लावू? काहिलीमागं?

कॅमेरा_भावा | सोमवार, रात्री १०:२४

😄 लावा की. गुळव्या हिमालयात.

बरं, नाव छापून येतं हे खरं. पैसे भरले तरच जातं. माझं वर्गणीचं असतंय, ध्यानातच आलं नाही.

शाळाबाई | सोमवार, रात्री १०:५०

सर, मी चौथीला शिकवते आणि गेली दोन वर्षं व्हीएन वापरतेय. फुकटात नाव छापत नाही, चित्राच्या आणि आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसतात, शिवाय बाहेरचा फाँट आत घेता येतो. तुमच्या 'गुऱ्हाळ'ला तेच औषध आहे. मुक्ता किंवा बलू हे फाँट उतरवून घ्या. दोन्ही एकटाइप या आपल्याच मुंबईच्या मंडळींनी केलेत आणि दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. शेंडीफोड्या श बघून आमच्या मुख्याध्यापिका नाक मुरडतात, म्हणून मला हे शोधावं लागलं.

फाँट बरा असूनही जोडाक्षर मोडत असेल तर दोष ॲपचा. अक्षरं जुळवून दाखवायची यंत्रणाच त्यात नसते. मग शीर्षक फोनवर दुसरीकडं लिहून त्याचं चित्र करायचं आणि ते व्हिडिओवर चिकटवायचं. आणि अक्षरं एकेक करून नाचत येणारी नक्षी मराठीला लावूच नका. ती रोमन अक्षरांसाठी केलेली असते, तिला काना-मात्रा म्हणजे सुटी अक्षरं वाटतात.

इनशॉटही बरं आहे, पण फुकटात नाव येतं. त्याच मंडळींचं यूकट नाव छापत नाही आणि हलकं आहे. २ जीबीच्या फोनवर व्हीएन रडेल, तिथं यूकट चालवून बघा. जाहिराती मात्र असतात.

टिंब_टिंब | सोमवार, रात्री ११:१५

कॅपकट का नाही सांगत कुणी? जगभर पोरं तेच वापरतात.

शाळाबाई | सोमवार, रात्री ११:२२

कारण भारतात ते मिळत नाही. टिकटॉकच्याच कंपनीचं आहे ते. २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात टिकटॉक गेलं, व्हिवाव्हिडिओ गेलं, फाइल इकडून तिकडं पाठवायची शेअरइट आणि झेंडरही गेली. कॅपकटही आपल्याकडच्या प्ले स्टोअरवर दिसत नाही. कुठून तरी एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल) आणून पालकांच्या फोनवर टाकायची ही कल्पना असेल तर कृपा करून नको. त्या फोनवर त्यांची बँक असते.

फिरतीवर | मंगळवार, सकाळी ७:१०

आमच्या शाळेत आयपॅड आहेत, आम्ही आयमूव्ही वापरतो. फुकट, जाहिरात नाही, नाव छापत नाही. २०२२ पासून त्यात स्टोरीबोर्ड नावाचा प्रकार आलाय. कुठला शॉट कुठं टाकायचा ते रिकाम्या चौकटींतून मुलांना कळतं. खरंच उत्तम.

कॅमेरा_भावा | मंगळवार, सकाळी ७:४०

सरांनी नऊ अँड्रॉइड म्हटलंय वो. आयपॅड वाटत फिरताय का?

फिरतीवर | मंगळवार, सकाळी ७:५२

चुकलं. पण चौकटींची कल्पना कागदावरही करता येईल, एवढंच म्हणायचं होतं.

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, सकाळी ९:३०

फिरतीवर म्हणतात ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, मोबाईलमधलं मला फार कळत नाही. पण निबंध लिहून घेताना मी मुलांना आधी मुद्द्यांच्या चिठ्ठ्या करायला लावायचो. इथंही तसंच करा. शूटिंग झालं की प्रत्येक शॉटची एक चिठ्ठी. 'चिमणीतून धूर.' 'चिपाड चुलवाणात टाकणारे हात.' 'गुळव्या बोलतो: भेंडी का घालतात.' सगळ्या बाकावर मांडायच्या, क्रम हलवून बघायचा, निम्म्या उचलून खिशात घालायच्या. उरलेल्या चिठ्ठ्यांची फिल्म. भांडणंही बाकावरच मिटतील. एका फोनच्या पाच इंची पडद्यावर सहा टाळकी वाकली की एकजण करतो आणि पाचजण बघतात. गटकामात नेहमी हेच होतं.

अवांतर: कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या पुढून आपण रोज जातो. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे इथले दोघे चित्रकार सिनेमाचा कॅमेरा स्वतःच जुळवायच्या मागं लागले. आनंदराव १९१६ ला गेले, बाबूरावांनी काम सोडलं नाही, कॅमेरा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पुढं तिथलीच माणसं बाहेर पडली आणि १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, १९३३ ला ती पुण्याला गेली. पुण्याला गेली ते अजून मनाला लागतं! पोरांना एकदा तो स्तंभ दाखवा.

खडूफळा | मंगळवार, दुपारी १:१५

गुरुजी, चिठ्ठ्या आजच सुरू. मधल्या सुट्टीत आडवाल्या गटानं २३ चिठ्ठ्या केल्या, शूटिंग अजून एक मिनिटाचंही नाही.

शाळाबाई, व्हीएन टाकलं. मुक्ता आत घेतला. 'गुऱ्हाळ' आलं बरोबर! 'कोल्हापूर'मधला ल्ह पण नीट. एका गटाला 'दुग्ध' लिहायचं होतं, तेही उमटलं.

एका_मुलीची_आई | मंगळवार, रात्री ८:४५

सर, तुमचा उत्साह चांगला आहे, पण एक विचारते. ह्या ॲपना फोनमधले सगळे फोटो बघायची परवानगी द्यावी लागते. माझ्या फोनमध्ये घरच्यांचे फोटो आहेत, आधार कार्डाचा फोटो आहे. शिवाय फिल्म झाल्यावर मुलींचे चेहरे कुठं कुठं जाणार? मागं दुसऱ्या एका शाळेत संमेलनातल्या मुलींच्या नाचाचा व्हिडिओ असाच कुठल्या कुठं गेला होता. खाली कसल्या कसल्या कॉमेंट आल्या होत्या. तेव्हापासून मला भीती वाटते.

खडूफळा | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, बरं झालं विचारलंत. ह्याचा मी पुरेसा विचार केला नव्हता, हे मान्य करतो.

शाळाबाई | मंगळवार, रात्री १०:००

आम्ही काय करतो ते सांगते. नव्या अँड्रॉइडवर परवानगी विचारताना 'निवडक फोटो आणि व्हिडिओ' असा पर्याय येतो, तोच द्यायचा. जुन्या फोनवर तो नसतो. असा फोन फक्त शूटिंगला वापरायचा, एडिटिंग शाळेच्या नाहीतर शिक्षकाच्या फोनवर. ॲपमध्ये खातं उघडायला सांगितलं तर उघडायचं नाही. जे ॲप खात्याशिवाय चालतच नाही ते बाद.

पालकांची संमती लेखी घ्या, आणि मोघम नको. वर्गात दाखवणार, संमेलनात दाखवणार, यूट्यूबवर टाकणार, ह्या तिन्हींच्या पुढं वेगवेगळी सही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलंच धरलीत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा त्याचा गाभा आहे. शाळांना कुठं किती सूट, ह्या खोलात मी शिरत नाही. सही घेतली की झोप लागते.

यूट्यूबवर टाकायचंच असेल तर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे दुवा असलेल्यालाच दिसतं. दुवा पुढं गेला की तोही बंधारा फुटतोच, हे लक्षात ठेवून.

आणि सर, चेहरा दाखवायलाच पाहिजे असं कुठंय? मुलींचा आवाज आणि चप्पल शिवणाऱ्या आजोबांचे हात. मला तर तेच बघायला आवडेल.

एका_मुलीची_आई | मंगळवार, रात्री १०:२०

हे पटलं. तीन सह्यांचा कागद आला तर मी पहिल्या दोन करेन.

टिंब_टिंब | बुधवार, सकाळी ११:००

यूट्यूब क्रिएट बघितलं का? गूगलनं २०२३ ला आणलं, पहिल्या आठ देशांत भारत होता. फुकट, नाव छापत नाही, आवाज स्वच्छ करायचं बटण आहे, वाजवायला मोकळं संगीत आहे.

खडूफळा | बुधवार, दुपारी १:३०

बघितलं. चांगलं आहे, पण ४ जीबी रॅम मागतं. नऊपैकी चारच फोनवर चढेल. एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरं ॲप दिलं तर मी शिकवू काय? सगळ्यात गरीब फोनवर जे चालतं ते सगळ्यांना, असं ठरवलंय.

कॅमेरा_भावा | बुधवार, रात्री ११:३०

सर, मघाशी लग्न उरकून आलोय, आता नीट लिहितो. ॲपवर एवढी चर्चा चाललीय, पण ॲप शेवटचं. पोरांच्या फिल्म कशामुळं बघवत नाहीत म्हाईताय? आवाज. चित्र हललेलं माणूस चालवून घेतंय, आवाज कळला नाही की उठून जातंय.

गुऱ्हाळात इंजिन चालू असणार, चरक करकरणार. दहा फुटांवरनं फोन धरून गुळव्याला बोलतं केलं तर इंजिनच ऐकू येणार. कॉलरचा माईक असला तर बघा. बोयाचा बीवाय-एम१ बऱ्याच जणांकडं असतोय, वायर लांब असती, ६ मीटर. त्याच्यावर फोन आणि कॅमेरा असं सरकणारं बटण असतंय, ते फोनकडं ठेवायला विसरू नका. मी एका मुंजीला विसरलो होतो. सगळी मुंज मुकी. भटजी नुसतंच तोंड हलवतायत. त्या घरचं जेवण मला अजून आठवतंय, घास घशाखाली उतरत नव्हता.

माईक नसला तर दुसरा फोन घ्या. त्यातलं रेकॉर्डर चालू करून गुळव्याच्या वरच्या खिशात ठेवा. पहिल्या फोननं चित्र, खिशातल्या फोननं आवाज. दोन्ही चालू झाले की कॅमेऱ्यापुढं एकानं जोरात टाळी वाजवायची. एडिटिंगला बसलं की टाळी वाजतानाचं चित्र आणि आवाजाच्या पट्टीवरचा टोकदार उंचवटा एकाखाली एक आणायचा. सिनेमात ती पाटी आपटतात ती ह्याच्यासाठीच, शायनिंगसाठी नाही. एकच ध्यानात ठेवा, फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतो ते, खालीवर होत असतोय. लांबलचक मुलाखत असली तर आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे व्हतात. म्हणून दोन-दोन मिनिटांचे तुकडे घ्या आणि दर तुकड्याला टाळी.

वर्गात शूटिंग करणार असाल तर ट्यूबलाईटनं पडद्यावर काळे पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्यात फ्लिकरचं सेटिंग असलं तर ५० करा. ओपन कॅमेरा नावाचं फुकटचं ॲप आहे, त्यात उजेडही धरून ठेवता येतोय. नायतर सरळ खिडकीपाशी बसवा, चेहरा उजेडाकडं.

आणि फोन आडवा धरायचा. आडवा. पोरांना दहादा सांगा.

शाळाबाई | गुरुवार, सकाळी ७:००

दादा, हा प्रतिसाद छापून वर्गात लावतेय.

जागेचंही बोलून टाका सर. १०८०पी मध्ये एका मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जातात. ३ जीबी मोकळी असेल तर २५ मिनिटांतच फोन हात वर करतो, आणि एडिटिंगला, तयार फाइल बाहेर काढायला वेगळी जागा लागते. मी ७२०पी वरच घेते. शाळेच्या पडद्यावर फरक कुणाला कळत नाही.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, पडद्यावर चेहऱ्यांचा लगदा दिसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. नेट नसेल तर अँड्रॉइडमधलं क्विक शेअर, नाहीतर फोनला थेट लागणारा ओटीजीचा पेनड्राइव्ह.

निवृत्त_गुरुजी | गुरुवार, सकाळी १०:१५

एक शंका. पार्श्वसंगीत म्हणून मुलं हटकून सिनेमाचं गाणं लावणार. चालतं का?

टिंब_टिंब | गुरुवार, सकाळी १०:४०

वर्गातल्या शिकवण्यापुरती कायद्यात सवलत आहे, पण यूट्यूबवर टाकलं की तिथलं यंत्र गाणं ओळखतं आणि व्हिडिओ अडकवतं. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या.

कॅमेरा_भावा | गुरुवार, दुपारी २:००

कोल्हापुरात बसून लायब्ररीतलं गिटार लावणार? वर्गात एक तरी पोरगं हलगी वाजवणारं असंलच. मैदानात उभं करा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा. सोबत घुमकं-कैताळ मिळालं तर सोन्याहून पिवळं. कुणाच्या बापाची परवानगी नको. फक्त वाजवणाऱ्या पोराच्या बापाची.

खडूफळा | पुढच्या सोमवारी, रात्री ९:१५

हा धागा वर काढतोय. रविवारी गुऱ्हाळाचं शूटिंग झालं. सविस्तर लिहितो, कारण चुका सगळ्या आमच्याच.

सकाळी साडेसातला पोचलो. थंडी होती, काहिलीवरच्या वाफेत पोरं उबेला जाऊन उभी राहिली आणि पहिल्या पाच मिनिटांत लेन्सवर धुकं. एका मुलीनं ओढणीच्या टोकानं पुसलं, परत धुकं. मग तिनंच फोन थोडा वेळ चुलवाणाजवळ, पण वाफेबाहेर धरला. फोन कोमट झाल्यावर धुकं बसेना. दवबिंदू मी तिला सप्टेंबरमध्ये शिकवला होता, तिला आठवला असेल असं मला वाटलं नव्हतं.

गुळव्यांच्या खिशात फोन ठेवला, टाळी वाजवली. ते आधी बुजले. 'काय बोलू मी, साहेब लोकांचं काम हे.' मग एका पोरानं विचारलं, 'मामा, भेंडी का घालता?' आणि सुरू झाले. भेंडीचा चिकट रस मळीला धरून वर आणतो, मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो. पाक झाला का ते कसं कळतं, हेही दाखवलं. पळीतून थोडा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, ती भांड्यावर टण् करून आपटली. मी थर्मामीटर नेला होता. ११८ अंशांच्या आसपास होतं. मामांनी थर्मामीटरकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, 'मास्तर, तुमची काडी लई उशिरा सांगती.'

हे वाक्य रेकॉर्ड झालंय! खिशातल्या फोनवर. चित्र नाही.

कारण त्याच वेळी कॅमेऱ्याच्या फोनवर त्या पोराच्या आईचा फोन आला, डबा विसरलास म्हणून. रेकॉर्डिंग बंद पडलं. काहील उतरवून वाफ्यात ओतायचा क्षणही त्यातच गेला. सहा पोरं तोंड उघडं टाकून बघत राहिली. फोन विमान मोडवर टाकायला मी सांगितलंच नव्हतं.

कॅमेरा_भावा | सोमवार, रात्री ९:२८

अरारारा. ते माझं पण सांगायचं राहिलं की वो सर.

काळजी नको. आवाज आहे ना? त्याच्यावर दुसरं चित्र लावा. गोळी वळणारी बोटं, उकळणारा पाक, मामांचा नुसता चेहरा, काहीही. ओठ हलताना दिसत नसले की झालं. आम्ही लग्नात निम्मं काम असंच करतो.

खडूफळा | सोमवार, रात्री ९:४०

तेच केलं. व्हीएनमध्ये आवाजाच्या पट्टीवर थर्मामीटरचं चित्र ठेवलं, पारा वर चढताना. चिठ्ठ्या मांडतानाच एक मुलगी म्हणाली, इथं काडीच दाखवू. मूळ शॉट असता तर हे सुचलं असतं का कोण जाणे.

महापूरवाल्या गटाचा पेच वेगळा आहे. एका आजींनी भिंतीवर हात लावून २०१९ ला पाणी कुठवर आलं ते दाखवलं. पोरांना तिथं पडद्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असं लिहायचंय. पण ते पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे, आजींच्या भिंतीचे नव्हेत. लिहावं का?

निवृत्त_गुरुजी | सोमवार, रात्री १०:०५

आजींच्या हातावर लिहू नका. बघणाऱ्याला वाटेल हात म्हणजे ४३ फूट. भिंतीवरची खूण पोरांनी टेपनं मोजावी, जमिनीपासून किती ते लिहावं. बंधाऱ्याचे आकडे नदीच्या चित्रावर, बंधाऱ्याचं नाव घालून.

टिंब_टिंब | सोमवार, रात्री १०:३०

आजींची भाषा बदलून खाली प्रमाण मराठीत लिहिणार का? 'पानी ह्येवडं आलतं' वगैरे स्पर्धेला पाठवायचं झालं तर…

शाळाबाई | सोमवार, रात्री १०:३४

अजिबात बदलू नका. आजी जसं बोलल्या तसं लिहा. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप होतं, पण ते अशी बोली आपल्या मनानं 'सुधारतं', तेवढं हातानं परत बिघडवा.

एका_मुलीची_आई | मंगळवार, सकाळी ८:००

सर, काल माझी मुलगी घरी येऊन चिठ्ठ्या जमिनीवर मांडून बसली होती. चप्पलवाल्या आजोबांच्या. तिच्या बाबांनी चहा ठेवला तो 'सुरवात' लिहिलेल्या चिठ्ठीवरच. तिसरी सही पण पाठवतेय. चेहरा नाही दाखवणार म्हणालात, त्या बोलीवर.

खडूफळा | शनिवार, रात्री ८:५०

ताई, आभार. बोली पक्की.

आजचं सांगून थांबतो. सहापैकी पाच फिल्म तयार. व्हीएनवर चार. दूध केंद्रवाल्यांचा फोन २ जीबीचा, तो व्हीएनवर खरंच रडला, म्हणून त्यांनी यूकटवर केली. सगळ्यात गरीब फोनवर चालेल तेच सगळ्यांना, हे माझं म्हणणं तिथं गुंडाळावं लागलं. मधे एकानं जागा करायला म्हणून मूळ व्हिडिओ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले, तर ॲपला ते सापडेनात, सगळ्या पट्ट्या काळ्या. परत जागेवर ठेवल्यावर आले. तेवढ्यात माझ्या अंगातलं रक्त गोठलं होतं. हलगी सातवीतल्या एका मुलानं वाजवली, सगळ्या सहा फिल्मला तीच.

राहिली ती तालीम. संध्याकाळी पावणेसहाला व्हिडिओ बाहेर काढायला लावला, ७२०पी, तीन मिनिटं दहा सेकंद. टक्के हळूहळू चढत होते. फोन विमान मोडवर, चार्जर लावलेला, कुणी हात लावायचा नाही असं फळ्यावर लिहिलेलं. सव्वासहाला फोनचे मालक, म्हणजे पोराचे वडील, गेटवर मोटारसायकल घेऊन हजर. डेअरीवर दूध घालायचं होतं, तिथला हिशोब त्या फोनवर येतो. पोरगं पळत गेलं, म्हणालं, 'पप्पा, ८३ टक्के झालंय.'

त्यांनी विचारलं, कशाचे? मग आत आले, बाकावर बसले आणि पडद्याकडं बघत राहिले. ९१ ला म्हणाले, 'आमचं दूध नासंल.' ९४ ला कॅन उचलायला उठले, परत बसले. शंभर झाल्यावर पोरांनी तिथंच लावून दाखवली. पहिल्याच शॉटमध्ये आखाड्याच्या मातीत त्यांचं पोरगं मोळी डाव मारताना दिसतं. त्यांनी फोन हातात घेतला, मागं नेऊन तेवढंच परत बघितलं, आणि मला म्हणाले, 'सर, ह्ये फोनवरनं पुसणार नाय न्हवं?'

कॅमेरा_भावा | शनिवार, रात्री ९:०५

सर, मोळी आडव्या फोननं घेतलीय ना?

खडूफळा | शनिवार, रात्री ९:०७

उभ्या. 🙏